'नाइस'चा उलटा प्रवास

इंग्रजीच्या निबंधात तुम्ही हवेला 'नाइस' म्हणता, मित्राला 'नाइस' म्हणता आणि आंब्यालाही 'नाइस'च म्हणता. छान, सुखद, मनमिळाऊ असा या विशेषणाचा अर्थ आपण शिकलेलो असतो. पण सुमारे सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एखाद्याला 'नाइस' म्हटले असते, तर तो खूश होण्याऐवजी रागावला असता. कारण तेव्हा या शब्दाचा अर्थ होता 'मूर्ख'!

हे कसे झाले? प्रथम शब्दाचे मूळ पाहू. लॅटिन भाषेत 'स्किरे' म्हणजे जाणणे. त्याला नकारदर्शक 'ने' जोडून 'नेस्कियुस' हा शब्द झाला. त्याचा अर्थ न जाणणारा, म्हणजेच अज्ञानी. हा 'ने' आणि संस्कृतातला 'न' हे एकाच आदिभाषेतून आलेले भाऊ आहेत. आणखी एक गंमत पाहा. 'सायन्स' हा शब्दही 'स्किरे' याच धातूपासून आला आहे. म्हणजे 'सायन्स' आणि 'नाइस' एकाच घराण्यातले. पण एकाच्या वाट्याला ज्ञान आले, तर दुसऱ्याच्या वाट्याला अज्ञान!

लॅटिनमधून हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेत गेला. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि तेथील दरबारात फ्रेंच बोलली जाऊ लागली. पुढील काही शतकांत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. त्यांतच १३०० च्या सुमारास 'नाइस' आला, तो 'मूर्ख' हा अर्थ घेऊन.

पुढे त्याचा अर्थ सरकत गेला. खाण्यापिण्यात, कपड्यांत फार चोखंदळ असणाऱ्याला लोक 'नाइस' म्हणू लागले. चोखंदळ माणसाला बारीकसारीक फरक चटकन कळतात. म्हणून सोळाव्या शतकात 'सूक्ष्म', 'काटेकोर' हेही अर्थ रूढ झाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'सुखद' हा अर्थ आला आणि तोच टिकला. मात्र एक अर्थ संपल्यावरच दुसरा सुरू झाला असे नाही. अनेक अर्थ एकाच काळी नांदत होते. त्यामुळे जुने इंग्रजी पुस्तक वाचताना आजचा अर्थ डोळे मिटून लावला, तर लेखकाच्या म्हणण्याचा अनर्थ होऊ शकतो. तेथे मागचापुढचा संदर्भ पाहावाच लागतो.

जुन्या अर्थाची खूण आजही शिल्लक आहे. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे 'छान भेद' नव्हे, तर 'सूक्ष्म भेद'.

याच्या नेमकी उलट गोष्ट 'सिली' या शब्दाची. तो पूर्वी 'सुखी', 'धन्य' अशा अर्थाचा होता. आज तो 'मूर्ख' झाला आहे. आपल्याकडेही असे घडले आहे. संस्कृत धर्मशास्त्रांत 'साहस' म्हणजे बळजबरीने केलेला गुन्हा. मराठीत मात्र साहसी मुलाचा आपण सत्कार करतो! शब्दाचा अर्थ त्याच्या मुळाशी कायमचा बांधलेला नसतो. बोलणाऱ्यांच्या वापराने तो बदलत जातो.

पण वापर फार सैल झाला, तर शब्दाची धार जाते. जेन ऑस्टेन या लेखिकेची 'नॉर्दँगर ॲबी' ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिच्यातील हेन्री टिल्नी हा तरुण, वाटेल त्या गोष्टीला 'नाइस' म्हणण्याच्या सवयीची थट्टा करतो. म्हणजे ही तक्रार दोनशे वर्षांची जुनी आहे.

आता तुम्हीच एक प्रयोग करून पाहा. आपल्या इंग्रजी निबंधातले सगळे 'नाइस' खोडा. हवा थंड होती की कोरडी? मित्र प्रेमळ आहे की विनोदी? आंबा गोड होता की रसाळ? त्या त्या जागी नेमका शब्द लिहा. काटेकोरपणा हा 'नाइस'चाच एक जुना अर्थ आहे, हे विसरू नका!