निश्चल तोफ, धावत्या रेषा

झाशीच्या किल्ल्यात ‘कडक बिजली’ ही तोफ ठेवलेली आहे. १८५८ च्या वेढ्यात राणी लक्ष्मीबाईंच्या पदरी असलेल्या गुलाम गौस खान या गोलंदाजाशी तिचे नाव जोडले जाते. तोफ आता निश्चल आहे. तथापि तिच्या तोंडापासून रेषा चोहीकडे फाकत आहेत, असा भास छायाचित्रात निर्माण करता येतो.

ज्याचे केंद्रांतर बदलता येते, ते झूम भिंग होय. ३५ मिलिमीटर फिल्मच्या स्थिरचित्रण कॅमेऱ्यासाठी असे पहिले भिंग, ‘झूमार’, जर्मनीतील फोक्टलेंडर कंपनीने १९५९ साली आणले. केंद्रांतर दुप्पट केले की प्रतिमाही दुप्पट होते. मध्यापासून २ मिलिमीटरवरील बिंदू ४ वर जातो, ५ वरील १० वर. मध्यबिंदू मात्र जागचा हलत नाही. झडप उघडी असताना हा बदल केल्यास प्रत्येक बिंदूची रेषा उमटते आणि कडेकडे ती लांबत जाते.

म्हणून तोफेचे तोंड चित्राच्या मध्यावर घ्यावे. परवानगी घेऊन कॅमेरा तिपाईवर बसवावा. मंद उजेडात, छिद्र लहान ठेवून, झडप १ सेकंद उघडावी. पहिला अर्धा सेकंद भिंग स्थिर ठेवल्यास आकृती स्पष्ट उमटते. उरलेल्या वेळात त्याचे कडे एकसारख्या गतीने फिरवावे. पार्श्वभूमी एकरंगी असल्यास रेषा दिसत नाहीत. दगडांचे सांधे किंवा दिवे असल्यास त्या उठून दिसतात.

ही गती भिंगाची आहे, तोफेची नव्हे. वास्तूची नोंद करावयाची असेल, तेथे भिंग स्थिरच ठेवले पाहिजे.