स्ट्रिंग संपते कुठे?

सी भाषेतल्या मजकुराला स्वतःची लांबी ठाऊक नसते. मेमरीत बाइट ओळीने मांडलेले असतात आणि शून्य किमतीचा बाइट आला की मजकूर संपला, एवढाच करार. युनिक्स, लिनक्स, मॅकओएस आणि अँड्रॉइडवरची स्टँडर्ड लायब्ररी याच करारावर चालते. ‘स्ट्रलेन’ हे फंक्शन शून्य सापडेपर्यंत बाइट मोजत जाते, ‘स्ट्रकॉपी’ शून्य भेटेपर्यंत नक्कल करत राहते. नक्कल जिथे उतरवायची तिथे जागा किती आहे, हे स्ट्रकॉपीला सांगण्याची सोयच नाही.

हा करार बेल लॅब्जमधला आहे. आधीच्या बीसीपीएल भाषेत स्ट्रिंगची लांबी सुरुवातीलाच लिहून ठेवत. केन थॉम्प्सन यांच्या बी भाषेत ती पद्धत जाऊन शेवटी खूण ठेवण्याची पद्धत आली आणि डेनिस रिची यांच्या सीमध्ये ती कायम झाली. रिची यांनी पुढे याची दोन कारणे सांगितली: आठ-नऊ बिटांच्या खणात लांबी मावावी म्हणून स्ट्रिंगवर मर्यादा पडत होती, आणि लांबीचा हिशेब सतत सांभाळणे गैरसोयीचे वाटत होते. १९७० मध्ये मिळालेल्या त्यांच्या पीडीपी-११ यंत्राला २४ किलोबाइट मेमरी होती, आणि प्रोग्राम लिहिणारेच बहुतेक वेळा ते वापरणारेही होते. त्या परिस्थितीत निर्णय रास्त होता. पुढे यंत्रे एकमेकांना जोडली गेली आणि समोरून येणारा मजकूर परक्या माणसाचा असू लागला, तेव्हा त्याची किंमत कळली.

ती सर्वांत उघडपणे दिसली ‘गेट्स’ या फंक्शनमध्ये. ते एक ओळ वाचून बफरमध्ये भरते, पण बफर केवढा हे त्याला कळतच नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने नेमके हेच हेरले. बर्कली युनिक्सवर लोकांची माहिती देणारा ‘फिंगर’ सर्व्हर आलेली विनंती गेट्सने ५१२ बाइटांच्या बफरमध्ये घेत असे. वर्मने ५३६ बाइट पाठवले. जादाचे बाइट बफर ओलांडून स्टॅकवर पुढे गेले. फंक्शन संपल्यावर कुठे परतायचे तो पत्ता तिथेच ठेवलेला असतो. तो पुसला गेला आणि त्या जागी वर्मने धाडलेल्या बाइटांचाच पत्ता आला. व्हॅक्स यंत्रांवर त्यातून थेट शेल उघडले. सन कंपनीच्या यंत्रांवर हा डाव साधला नाही, सर्व्हर नुसता कोसळला.

मर्यादा सांगता येणारे ‘एफगेट्स’ तेव्हा लायब्ररीत होतेच. तरीही वर्षभराने आलेल्या सीच्या पहिल्या अमेरिकी मानकात गेट्स कायम राहिले, कारण ते वापरणारे प्रोग्राम अस्तित्वात होते. मानकातून ते हटले २०११ मध्ये. लायब्ररीत एकदा आलेले फंक्शन काढणे किती अवघड असते, याचा याहून ठळक दाखला शोधावा लागणार नाही.

‘स्ट्रएनकॉपी’ची गोष्ट निराळी आहे. ते फंक्शन सदोष नाही, ते भलत्याच कामाला जुंपले गेले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद १६ बाइटांची असे: २ बाइट आयनोड क्रमांकाला, १४ फाइलच्या नावाला. नाव बरोबर १४ बाइटांचे असेल तर शेवटच्या शून्याला जागाच उरत नसे. लहान असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाई. स्ट्रएनकॉपी हुबेहूब तेच करते. पुढच्या पिढीने मात्र त्याला ‘सुरक्षित स्ट्रकॉपी’ मानले. मग ४,०९६ बाइटांच्या बफरमध्ये पाच बाइटांचा शब्द ठेवताना ४,०९१ शून्ये विनाकारण लिहिली जाऊ लागली. मजकूर बफरइतका किंवा त्याहून मोठा असेल तर शेवटचे शून्य पडतच नाही आणि नंतरचे स्ट्रलेन भलत्याच मेमरीत मोजत सुटते.

यावर उपाय म्हणून १९९८ मध्ये ओपनबीएसडीच्या टॉड मिलर आणि थिओ द राट यांनी ‘स्ट्रएलकॉपी’ आणले. ते बफरचा आकार विचारते, आकार शून्य नसेल तर शेवटी शून्य टाकतेच, आणि मूळ मजकुराची पूर्ण लांबी परत देते. ती लांबी बफरच्या आकाराइतकी किंवा जास्त आली तर मजकूर कापला गेला, असे समजते. इतर बीएसडी प्रणालींनी, सोलारिसने आणि मॅकने ते स्वीकारले. लिनक्सवरच्या जीलिबसीने मात्र वर्षानुवर्षे दार बंद ठेवले. आक्षेप असा की परत आलेला आकडा न तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये मजकूर गुपचूप कापला जाईल आणि नव्या चुका जन्मतील. आक्षेप निराधार नव्हता, पण त्यापायी असंख्य प्रकल्पांना या फंक्शनची आपापली प्रत बाळगावी लागली, हे नुकसान मोठे होते. अखेर २०२३ मध्ये जीलिबसी २.३८ मध्ये ते आले आणि २०२४ च्या पॉझिक्स मानकातही दाखल झाले. त्याच २०२४ मध्ये लिनक्स कर्नलने आपल्याकडचे स्ट्रएलकॉपी काढून टाकले! लांबी सांगण्यासाठी ते मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचते आणि मुळातच शून्य नसेल तर हद्दीपलीकडे जाते. कर्नलमध्ये आता त्या जागी ‘स्ट्रएससीकॉपी’ वापरतात.

यांतल्या एकाही फंक्शनला अक्षर कळत नाही, कळतो तो फक्त बाइट. देवनागरीत लिहिणाऱ्यांना हे जपावेच लागते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणून स्ट्रलेन उत्तर देते १५. सातव्या आवृत्तीच्या १४ बाइटांच्या खणात हा शब्द मावला नसता. स्ट्रएलकॉपीला १५ बाइटांचा बफर दिला तर शेवटच्या शून्यासाठी एक बाइट सोडून ते १४ उतरवते. वेलांटीचे पहिले दोन बाइट राहतात, तिसरा जातो आणि पडद्यावर ‘मराठ’पुढे निरर्थक खूण उमटते. यूटीएफ-८ मध्ये चिन्हाच्या पहिल्या बाइटनंतरचा प्रत्येक बाइट १० या दोन बिटांनी सुरू होतो. त्यामुळे मजकूर कापला गेल्यावर शेवटाकडून मागे येत चिन्हाचा पहिला बाइट गाठायचा, त्याचे तिन्ही बाइट आहेत का ते पाहायचे आणि नसतील तर त्याच बाइटच्या जागी शून्य लिहायचे. मग वेलांटी पूर्ण गळते, शब्द ‘मराठ’ एवढाच उरतो, पण स्ट्रिंग वैध राहते. ही तपासणी लायब्ररी करत नाही, ती प्रोग्राममध्ये वेगळी लिहावी लागते.