नारकोंडमचा धनेश

सह्याद्रीच्या रानांतला मोठ्या बाकदार चोचीचा धनेश आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. आज त्याच्या एका दूरच्या भाऊबंदाची ओळख करून द्यावयाची आहे. अंदमानच्या समुद्रांत नारकोंडम नांवाचें ज्वालामुखीचें एक बेट आहे. क्षेत्रफळ अवघें सात चौरस किलोमीटर. नारकोंडमचा धनेश ह्या बेटाबाहेर जगांत कोठेंही आढळत नाहीं. १८७३ सालीं ॲलन ह्यूम यांनीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. राष्ट्रसभेच्या संस्थापकांपैकीं एक ते हेच.

नराचें डोकें व मान तांबूस, मादी काळी. शेपूट मात्र दोघांचें पांढरें. विणीच्या वेळीं मादी झाडाच्या ढोलींत शिरून दार लिंपून घेते व एक फट तेवढी ठेवते. त्या फटींतून नर तिला व पिलांना भरवितो. नर दगावला, तर सारें कुटुंबच संकटांत पडतें. वड-उंबराच्या वर्गांतलीं फळें हें त्यांचें मुख्य अन्न. त्यांच्या बिया रानभर पसरून हा पक्षी पुढच्या पिढ्यांचीं झाडेंच लावीत असतो.

म्हणूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पोलीस ठाण्याबरोबर आलेल्या शेळ्या कोवळीं रोपें खाऊं लागल्या, तेव्हां संकट पक्ष्यावरच आलें. पुढें त्या शेळ्या हलविण्यांत आल्या. २०१२ सालीं नाकारलेल्या रडार-केंद्रास २०१४ सालीं परवानगी मिळाली.

अलीकडच्या गणनेप्रमाणें हे पक्षी सुमारें एक हजार आहेत. आंकडा समाधानाचा वाटेल. परंतु एखादें चक्रीवादळ वा रोगाची सांथ त्या सर्वांस एकदम गांठूं शकेल, आणि आसरा घ्यावयास त्यांना दुसरें रान नाहीं.