पाव इंच

मागचं दार उघडलं तेव्हा पहाटेचे साडेपाच झाले असतील. ह्यूस्टनच्या पश्चिमेला धाकट्या भावाच्या घरी येऊन मला तीनच दिवस झाले होते, झोप अजून जाग्यावर आली नव्हती. कुंपणापलीकडून वास आला. धूर कुठे दिसेना. शेजाऱ्याच्या आवारातल्या काळ्या धुराड्यावर हवा तेवढी थरथरत होती, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर थरथरते तशी. वास मात्र थेट आमच्या वाडीतला. थंडीच्या रात्री शेतात पोपटी लावायची, मडकं उलथं ठेवून भोवती पेंढा-लाकडं पेटवायची, आग बसली की मडकं ओढून काढायचं. मग भांबुर्डीचा पाला बाजूला सारताना वालाच्या शेंगांचा जो वास तोंडावर येतो, त्याचाच हा लांबचा भाऊबंद.

भाऊ उठल्यावर विचारलं, "अरे, शेजारी रात्रभर काय शिजवतोय?"

"ब्रिस्केट, ताई. गाईच्या छातीचं मांस. बारा-बारा तास लागतात." मग थोडं थांबून म्हणाला, "मलाही एक नीट स्मोकर घ्यायचाय. येतेस बघायला?"

'नीट' म्हणण्यामागे एक दुखणं होतं. गॅरेजच्या कोपऱ्यात त्याचा पहिला स्मोकर पडून होता. मोठ्या दुकानातून खोक्यात आलेला, घरी स्क्रू पिळून जोडलेला. मोठं आडवं नळकांडं, त्याच्या एका अंगाला आगीचा छोटा डबा, दुसऱ्या अंगाला धुराडं. दिसायला शेजाऱ्याच्यासारखाच. दोन वर्षांत डब्याचा तळ गंजून गेला होता आणि झाकणाच्या कडेने काळे ओघळ उतरले होते. त्यावर भावाने सहा वेळा मांस केलं आणि सहाही वेळा ते कडू झालं. तो स्वतःलाच दोष देत होता, आपल्याला जमत नाही म्हणून.

त्या शनिवारी आम्ही शहराबाहेरच्या एका वेल्डरच्या आवारात गेलो. ज्यांचं घरचं अंगण ओकच्या धुराने भरलेलं असतं, अशा लोकांनीच पत्ता दिला होता. पत्र्याची शेड, बाहेर लोखंडी पाइपांचे तुकडे रचलेले, काही इतके रुंद की आत मूल बसेल. ह्यूस्टन हे तेलाचं शहर. तेलाच्या धंद्यात पाइप जोडणाऱ्या वेल्डरांनी उरलेल्या तुकड्यांतून आपापल्या घरासाठी भट्ट्या करायला घेतल्या, आणि टेक्सासच्या आडव्या स्मोकरला त्याचा आकार मिळाला तो असा. मोठी हॉटेलं तर प्रोपेनच्या जुन्या टाक्याच कापून आडव्या ठेवतात. ऑस्टिनच्या फ्रँकलिन बार्बेक्यूच्या भट्ट्या अशाच हजार गॅलनच्या टाक्यांच्या आहेत.

म्हातारा वेल्डर एका भट्टीच्या दाराची बिजागरी बसवत होता. त्याने काच वर केली, हातमोजा काढला. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग होते, तांदळाची कणी सांडावी तसे. तीस वर्षं तेलाच्या कामावर पाइप जोडले आणि आता हे करतो, एवढीच त्याने स्वतःची ओळख दिली. मग हातोडी घेतली आणि समोरच्या नळकांड्यावर एक ठोका दिला. देवळातल्या घंटेसारखा नाद घुमला आणि बराच वेळ रेंगाळला.

"पाव इंच," तो म्हणाला.

लोखंडाची जाडी पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या थोडं वर. त्या तासाभरात हा आकडा त्याने किती वेळा उच्चारला, मोजलं नाही. भावाने घरच्या स्मोकरचा मोबाइलवरचा फोटो दाखवला, तर त्याने फोटो मोठा करून झाकणाची कड तेवढी पाहिली आणि पुन्हा तेच म्हणाला. राग नव्हता त्यात. एखादा डॉक्टर एक्स-रे खिडकीकडे धरून बघतो तसं बघितलं त्याने.

मग त्याने भावाच्या सहा कडू जेवणांचा उलगडा केला. पातळ पत्रा उष्णता धरून ठेवत नाही. जरा वारा सुटला की आतलं तापमान उतरतं. माणूस घाबरून लाकूड टाकतो, तापमान भसकन चढतं, तो आणखी घाबरून हवेची झडप बंद करतो. आता आग घुसमटते. घुसमटलेली आग पांढरा, दाट धूर सोडते, कारण लाकूड पुरतं जळतच नाही. तो चिकट धूर मांसावर बसतो आणि मांस कडू होतं. जाड लोखंड मात्र तापायला तास घेतं आणि एकदा तापलं की वाऱ्याला दाद देत नाही, त्यामुळे आग लहान पण मोकळी ठेवता येते. मोकळ्या आगीचा धूर जवळजवळ दिसत नाही, प्रकाशाकडे धरून पाहिला तर किंचित निळसर. शेजाऱ्याच्या धुराड्यावर पहाटे मी पाहिलं होतं ते हेच.

भाऊ ऐकता ऐकता खाली बघत होता. दोन वर्षं मनात धरलेलं ओझं पत्र्याचं निघालं होतं.

म्हाताऱ्याने खिशातून डॉलरची नोट काढली, नव्या दाराच्या फटीत ठेवली, दार लावलं आणि मला म्हणाला, "ओढा, मॅम." मी ओढली, नोट निघेना. "निघाली असती तर तिथून हवा शिरली असती. आणि तुम्ही न दिलेली हवा शिरली की आग तुमची राहत नाही." झडपा, बिजागऱ्या, चाकं सगळं त्याने भराभर दाखवलं. जस्ताचा मुलामा दिलेलं पिंप किंवा जाळी कुणी फुकट दिली तरी आगीजवळ आणायची नाही, जस्त तापलं की त्याची वाफ विषारी असते, हे त्याने दोनदा बजावलं.

भावाने किंमत विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात म्हाताऱ्यानेच विचारलं, "रात्री किती वेळा उठाल?"

भावाला प्रश्न कळला नाही.

"हिला लाकूड लागतं. कोळसा सुरुवातीला, निखारा धरायला. पुढे दर पाऊण तासाला एक ओंडका. रात्रभर. घरी कोण आहे?"

दोन लहान मुलं, सुट्टीच्या दिवशीही कामाचा फोन उशाशी, बायकोची पहाटेची पाळी. भावाने खरं ते सांगितलं.

"मग माझ्याकडून घेऊ नका," म्हातारा म्हणाला. "उभा घ्या. कोळशाचा. आणि झोपा."

विकायला बसलेल्या माणसाने असं म्हणावं याचं मला नवल वाटलं. परतीच्या वाटेवर आणि नंतरही कित्येकदा माझं मन त्या शेडमध्ये जात राहिलं. स्वतःची भट्टी कुणाच्या अंगणात नुसती गंजत उभी राहू नये, एवढं त्याला पुरेसं होतं.

दुपार दुकानांत गेली. जपानी कामादो चुलीवरून आलेली चिनीमातीची अंड्याच्या आकाराची भट्टी पाहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी हा प्रकार मायदेशी आणला आणि 1974 मध्ये अटलांटात 'बिग ग्रीन एग' सुरू झाली. भिंती इतक्या जाड की मूठभर कोळशावर तासन्‌तास चालते. पण एकदा जास्त तापली की लवकर उतरत नाही, पडली तर तडकते, आणि किंमत ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो. 55 गॅलनच्या पिंपाचा स्मोकर भावाला आवडला. तळाशी कोळसा, वर आकड्यांना टांगलेलं मांस, चरबी थेंबाथेंबाने निखाऱ्यावर पडते आणि तिचाच धूर पुन्हा मांसाला लागतो. अनेक जण तो घरीच करतात, फक्त पिंपात आधी काय होतं हे ठाऊक हवं आणि आतला लेप पूर्ण जाळून काढावा लागतो. विजेच्या पंख्याने हवा देऊन तापमान आपोआप सांभाळणारेही होते. मला त्यांच्यात रस वाटला नाही.

शेवटी घेतला तो बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा उभा, वेबर स्मोकी माउंटन, अठरा इंची. वेबरची गोष्ट मला आवडली. शिकागोजवळच्या एका पत्र्याच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन समुद्रातली तरंगती बोयी घडवण्याच्या कामावर होता. 1952 मध्ये त्याने बोयीचा गोळा मधोमध कापला, अर्ध्याला पाय लावले, अर्ध्याचं झाकण केलं, आणि घुमटाची शेगडी तयार झाली. हा उभा स्मोकर त्या घराण्यात 1981 मध्ये आला. तळाशी कोळशाचं कडं, मध्ये पाण्याचं घमेलं, वर दोन जाळ्या. खाली हवेच्या तीन झडपा, झाकणावर एक. याचा पत्रा पाव इंच नाही, जवळपासही नाही. पण इथे उष्णता धरायचं काम घमेल्यातलं पाणी करतं, आणि जोड घट्ट असल्यामुळे आत किती हवा जाईल ते आपल्या हातात राहतं. म्हाताऱ्याने 'उभा' का सांगितलं ते मला तो जोडताना कळलं.

कोळशाच्या रांगेपाशी मी रेंगाळले. एका बाजूला एकसारख्या उशांच्या आकाराच्या वड्या, ब्रिकेट. त्यांच्यामागे हेन्री फोर्ड आहे. मोटारींसाठी कापलेल्या लाकडाचा भुसा आणि तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून 1920 च्या दशकात मिशिगनमध्ये त्याने वड्या पाडायला घेतल्या आणि आपल्या मोटारींच्या विक्रेत्यांकडूनच विकल्या. आजचं 'किंग्जफर्ड' त्याचंच पुढचं नाव. दुसऱ्या बाजूला ओबडधोबड लाकडी कोळसा. तो लवकर पेटतो, जास्त तापतो, राख कमी करतो, पण तुकडा मोठा-लहान असल्यामुळे आच एकसारखी राहत नाही. रात्रभरासाठी वड्या बऱ्या.

त्या ओबडधोबड कोळशाच्या पिशवीवर हात ठेवला तेव्हा मला आमच्याकडचे कातकरी आठवले. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी. जंगलाचा तो आधार गेल्यावर दिवाळीनंतर घरंच्या घरं बंद करून कोळशाच्या भट्ट्यांवर जाणारे, मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली म्हणून मुलंबाळं घेऊन जाणारे. लाकूड मातीखाली रचून, जेमतेम हवा देऊन दिवसच्या दिवस धुमसत ठेवायचं. त्या ढिगाला रात्री भोक पडलं, हवा शिरली, की सगळ्याची राख. म्हाताऱ्याची डॉलरची नोट आणि कातकरी बाईने ढिगाच्या भेगेवर थापलेला चिखल, दोन्हींचं काम एकच. पण चिखल थापणाऱ्या त्या बाईला तिच्या कोळशावर काय शिजतं ते कधी दिसत नाही. पिशवीवर झाडाचं नाव होतं, कोळसा पाडणाऱ्याचं नव्हतं.

आमच्या घरी गोमांस नाही, म्हणून ब्रिस्केट नको. डुकराचा खांदा घ्यावा तर भावजय खात नाही. भाऊ मेंढीचा खांदा घेऊन आला. टेक्सासात हे जरा वेगळं, पण केंटकीतलं ओवेन्सबरो हे गाव मेंढीच्या बार्बेक्यूसाठीच ओळखलं जातं, त्यामुळे आम्ही अगदीच परके नव्हतो.

रविवारी पहाटे चार वाजता आम्ही दोघं अंगणात. पावसाची भुरभुर होती, भाऊ म्हणाला गॅरेजमध्ये लावू या. मी नाही म्हटलं. कोळसा छपराखाली पेटवून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कुंपणाच्या आडोशाला लावला. कड्यात न पेटलेल्या वड्या भरल्या, मध्ये खळगा करून त्यात थोड्याच पेटलेल्या ओतल्या. याला इथे मिनियन पद्धत म्हणतात. आग वरून खाली, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकत जाते, आणि एकदा भरलेला कोळसा दहा तास सहज पुरतो. वर पोस्ट ओकचे तीन तुकडे ठेवले. ते म्हाताऱ्याने दिले होते, पैसे घेतले नव्हते. वरची झडप पूर्ण उघडी, खालच्या हळूहळू मिटत आणल्या. सुरुवातीचा पांढरा धूर निवळायला अर्धा तास लागला. मग मांस ठेवलं. काटा 115 अंश सेल्सिअसवर येऊन थांबला आणि तिथेच राहिला. भाऊ खरंच जाऊन झोपला.

अडचण आली साडेआठला. मांसाच्या आतलं तापमान 71 वर अडकलं. नऊ वाजले, 71. साडेनऊ, 71. भाऊ कासावीस. कोळसा वाढवू? झाकण उघडून बघू? यात बिघाड काहीच नसतो. मांसातलं पाणी बाहेर येऊन वाफ होत असतं आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं, त्याच कारणाने आगीवर ठेवलेलं मांस तापायचं थांबतं. पाणी सरलं की काटा आपसूक हलतो. पुढे 95 च्या आसपास येईपर्यंत चिवट कोलॅजनचं जिलेटिन झालेलं असतं, पायाच्या रश्शाला जो चिकटपणा येतो तोच, आणि हाड हाताने निघतं. हे सगळं भावाला माहीत होतं. तरी त्याचा हात झाकणाच्या मुठीकडे जात होता. दोन वर्षं त्याने पातळ पत्र्यावर असंच केलं होतं.

मी पाण्याचा तांब्या घेऊन आले. बोटं बुडवली आणि झाकणावर चार थेंब शिंपडले. चर्र करून गेले. शेतात पोपटीच्या मडक्यावर आजी असंच पाणी शिंपडायची आणि आम्ही सगळी पोरं एकदम ओरडायचो. भाऊ तेव्हा माझ्या कडेवर असायचा.

त्याने मुठीवरचा हात काढला. झाकणाकडे बघत म्हणाला, "ताई, शिजली?"

"नाही अजून," मी म्हटलं.