गाडीचा पोचा

बैल घेताना आपण काय पाहतो? नेकनूरच्या बाजारातला जाणता शेतकरी बैलाच्या अंगावरच्या खरचटल्याकडे फार बघत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, बैल चालवून पाहतो. जुनी मोटार घेतानाही हीच नजर हवी.

बीड, माजलगाव, अंबाजोगाई, कुठेही जा, जुन्या मोटारी विकायला असतात. कितीतरी गाड्यांच्या पत्र्याला पोचे आलेले असतात. पोचा दिसला की गिऱ्हाईक बिचकते. चकचकीत रंग दिसला की भुलते. आम्ही म्हणतो, दोन्ही चूक. पोचा हा गाडीच्या कातडीला लागलेला मार. तो हाडापर्यंत गेला आहे का, हे पाहायचे.

ते कसे पाहावे? गाडी दिवसाउजेडी पाहा. दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. कुठे रुंद, कुठे अरुंद असेल तर मार मोठा असू शकतो. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. चांगल्या पत्र्याला तो चिकटतो. खळग्यात लांबी भरून वर रंग दिला असेल, तर तिथे त्याची पकड ढिली पडते. बंपर मात्र बहुधा प्लास्टिकचा असतो. तिथे चुंबक चिकटला नाही तरी घाबरू नका.

मग डिकी उघडा. जादा चाकाखालचा पत्रा पाहा. तिथे सुरकुत्या किंवा नवे वेल्डिंग दिसले, तर मागून जोराची धडक बसली असावी. शेवटी गाडी चालवून पाहा. सरळ रस्त्यावर ती एका अंगाला ओढते का? टायर एकाच कडेला झिजलेत का? तसे असेल तर ओळखीच्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

पोचा उथळ असेल, गंज नसेल, गाडी सरळ चालत असेल, तर ती खुशाल घ्या. पोचा दाखवून किंमत मात्र उतरवा.

आता कागद. आरसीवर कोणाचे नाव आहे, ते स्वतः वाचा. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. सातबाऱ्यावर असतो तसा आरसीवरही कर्जाचा बोजा असतो. तो उतरवायला बँकेच्या सहीचा ३५ नंबरचा फॉर्म लागतो. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. ती संपत आली असेल तर पुढचा खर्च धरा.

नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरतात. गाडी राज्यातल्या राज्यात विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. हे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे बरे का! नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. गाडी विकून मोकळे झालो असे समजणारा माणूस असा अडकतो. घेणाऱ्याने विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. नाहीतर स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळताना अडचण येते.

कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा देऊ नका. आधी वाचा. अडले तर जाणत्या माणसाकडून समजून घ्या. मगच सही करा. पत्र्याचा पोचा मिस्त्री काढून देतो. कागदातला पोचा काढायला कोर्टाची पायरी चढावी लागते.