पन्हा, घेर आणि मुंढा

कपाटाचं दार : लेखांक ६

दिवाळी जवळ आली की कपाटासमोर उभं राहून बायका स्वतःला फळांची नावं देऊ लागतात. कुणी सफरचंद, कुणी नासपती. डमरूसारखी कंबर असलेली एखादी भाग्यवान. ही फळांची हातगाडी कापून शिवलेल्या कपड्यांच्या जगातली आहे. तिथे फ्रॉक एका ठरावीक अंगासाठीच बेतलेला असतो, म्हणून आपलं अंग कुठल्या खणात बसतं ते आधी ठरवावं लागतं. साडी कुणासाठीच बेतलेली नसते. साधारण साडेपाच मीटर लांब, पन्हा ४५ इंचांच्या आसपास, आणि ती सासूला, सुनेला, शेजारणीला तीच. मग एकीला ती खुलते आणि दुसरीला फुगवते, ते का? मला विचाराल तर याचं उत्तर फळांत नाही, टेपमध्ये आहे.

आधी पन्हा. उंची पाच फूट असेल तर कमरेपासून जमिनीपर्यंत ३७-३८ इंच भरतात. पन्हा ४५. उरलेले सात इंच आपण खोचतो, तेही नेमके पोटावर, सात-आठ निऱ्यांच्या घड्यांसकट. आरशात दिसतं ते निम्मं पोट कापडाचंच असतं. त्यात बेंबीखाली परकर बांधायची हौस केली की आणखी दोन इंच आत जातात. म्हणून बुटक्या बाईने परकर बेंबीवर बांधावा, आणि खोचलेल्या निऱ्या आत हात घालून खाली सपाट ओढून घ्याव्यात. तिथे गोळा होऊ देऊ नयेत. पाच फूट आठ इंचांच्या मुलीचं दुखणं उलटं. टाचेच्या चपला घातल्या की तिला खोचायला इंचभरच उरतो आणि साडी घोट्यावर चढते. बेंबीखाली परकर हा तिचा हक्क आहे.

काठाचाही हिशोब इथेच. ३८ इंचांत ८ इंच काठ म्हणजे पाचव्या भागाहून जास्त उंची काठानेच खाल्ली. बुटकीला दोन-अडीच इंचांचा काठ बरा. पण आईची रुंद काठाची पैठणी असेल तर? अर्थात नेसायची! फक्त ब्लाउज काठाच्या रंगाचा न घेता साडीच्या अंगाच्या रंगाचा घ्या. विरोधी रंगाचा ब्लाउज अंगाचा आणखी एक तुकडा पाडतो.

आता घेर. साडीचे कमरेखाली जवळजवळ दोन वेढे होतात. नितंबांचा घेर ३६ असलेलीपेक्षा ४४ वालीचं कापड दोन वेढ्यांत १६ इंच जास्त जातं. पाच इंची निरीला दहा इंच कापड लागतं, म्हणजे तिच्या निऱ्या दीडेक तरी कमीच पडणार. ती मात्र मैत्रिणीइतक्याच निऱ्या काढायला जाते, पदर आखूड होतो, मग पुढून सगळं ताणलेलं दिसतं. निऱ्या पाचच काढा, पण पदर गुडघ्यापर्यंत येऊ द्या. लांब पदराची उभी रेघ रुंदी जितकी झाकते, तितकी दुसरी कुठलीच युक्ती झाकत नाही. परकर कळ्यांचा असावा. माशासारखा घट्ट शिवलेला परकर डमरूवालीने घालावा. बाकीच्यांचे जिने चढताना हाल होतात.

कापडाबद्दल एक मतभेद नोंदवते. जाड बाईला जॉर्जेट नेसवा असं सगळे सांगतात. जॉर्जेट अंगाला चिकटतं आणि पोटाची प्रत्येक वळी वाचून दाखवतं. त्यापेक्षा मऊ रेशीम किंवा सिल्क चंदेरी बरी. अंगापासून जराशी दूर राहते, पण फुगत नाही. ऑरगन्झा आणि कडक टिश्यू किडकिडीत मुलींसाठी ठेवा. त्यांना भरलेपण हवंच असतं.

आणि ब्लाउज. खरी गोम इथेच आहे. मापं घेताना टेप छातीभोवती आला की आपण सगळ्या श्वास रोखून अंग चोरतो. जुने मास्तर टेप धरून थांबतात, काहीतरी विचारतात, "बाही किती ठेवू?", आणि उत्तर देताना श्वास सुटला की आकडा लिहितात. माझ्या भावाच्या लग्नातल्या ब्लाउजच्या वेळी मास्तर घाईत होते आणि मी ऐटीत. जेवणाच्या पंगतीत दुसऱ्या जिलबीला मधला हूक सुटला. आत शिवणीत दाब सोडलेला नव्हता, त्यामुळे उसवून सैल करायचीही सोय नव्हती. तेव्हापासून दोन्ही बाजूंना इंच-इंच दाब मी आधी मागून घेते. माप देताना आतले कपडेही तेच घालते, जे त्या दिवशी घालणार असते.

छाती भरलेली असेल तर प्रिन्सेस कट आणि जरा उतरता गळा. बोटनेकने सगळा भाग एकसंध भिंतीसारखा दिसतो. खांदे अरुंद असतील तर मात्र बोटनेकच. बाही दंडाच्या सगळ्यात जाड जागी संपवू नका, कारण तिथली काठाची पट्टी ती जाडीच दाखवते. कोपराच्या जरा वर सगळ्यांना चालतं.

मुंढ्याबद्दल कुणीच बोलत नाही. ब्लाउज काखेत टोचू नये म्हणून मुंढा खोल कापून मागतात, आणि मग हात वर केला की अख्खा ब्लाउज वर चढतो. मुंढा काखेजवळ, बेताचा असला तरच हात मोकळा फिरतो. ट्रायलला नुसतं आरशासमोर वळून बघू नका. खाली बसा, वाका, मग दोन्ही हात वर करा, आकाशकंदील टांगायला करता तसे. खालची पट्टी बोटभरही हलली तर मास्तरांना तिथेच सांगा. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री दुकानात उभं राहायलाही जागा नसते.

पुढच्या आठवड्यात : शिवलेली नऊवारी, आणि तिचा काष्टा बसल्यावर का सुटतो.