उन्नयनानंतर न उठणारा सर्व्हर : निदान व पुनःस्थापना

यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडीबरोबरच कोलामी व गोरमाटी याही भाषा बोलल्या जातात. नेरसारख्या तालुक्याच्या गावी वृद्ध वक्त्यांच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेली सामग्री विद्यापीठीय विभागात पुष्कळदा लिनक्स प्रणालीच्या सर्व्हरवर ठेवली जाते. वक्ता निवर्तला की ते मुद्रण पुन्हा मिळणे नाही. म्हणून प्रणालीचे उन्नयन केल्यानंतर सर्व्हर सुरूच झाला नाही, तर काय करावे आणि काय करू नये, हे अभ्यासकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. यंत्र सुरू न होणे आणि सामग्री नष्ट होणे या दोन भिन्न गोष्टी होत. उन्नयनात सामान्यतः प्रणालीच्या फाइली बदलतात. ध्वनिमुद्रणे डिस्कवर जशीच्या तशी असतात. घाईने प्रणाली नव्याने बसविताना मात्र तीच डिस्क पुसली जाण्याचा संभव असतो. खरी हानी बहुधा या उपायानेच होते.

सर्व्हर सुरू होणे ही एक साखळी आहे. यंत्रातील मूळ आज्ञासंच ‘ग्रब’ नामक आरंभकास जागा करतो. ग्रब हा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, स्मृतीत आणतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला तो हाच गाभा. त्याच्यासमवेत ‘इनिटरॅमएफएस’ ही लहानशी तात्पुरती फाइलव्यवस्था येते. डिस्क ओळखण्यास लागणारे घटक तिच्यात असतात. त्यांच्या साहाय्याने मुख्य डिस्क जोडली जाते आणि शेवटी ‘सिस्टमडी’ इतर सेवा सुरू करतो.

कोणता दुवा तुटला, हे पडद्यावरील अखेरच्या ओळी सांगतात. ‘ग्रब रेस्क्यू’ अशी अक्षरे दिसल्यास आरंभकास स्वतःचेच घटक सापडलेले नाहीत. ‘कर्नल पॅनिक’ असून मूळ फाइलव्यवस्था जोडता न आल्याचा उल्लेख असेल, तर इनिटरॅमएफएस अपुरी किंवा गहाळ आहे. बूट विभागातील जागा संपणे अथवा उन्नयन चालू असता वीज जाणे, ही याची नेहमीची कारणे. ‘इमर्जन्सी मोड’ आल्यास ‘एफएसटॅब’ या फाइलीत अस्तित्वात नसलेल्या डिस्कची नोंद राहिली असण्याचा संभव मोठा.

उपाय सौम्यापासून आरंभावा. उन्नयनानंतरही जुना कर्नल सहसा शिल्लक ठेवलेला असतो. ग्रबच्या सूचीतील प्रगत पर्यायांतून तो निवडावा. सर्व्हर त्यावर सुरू झाला, तर दोष नव्या कर्नलच्या जुळणीत आहे, हे सिद्ध होते. मग बूट विभागातील जागा तपासावी आणि वापरात नसलेले जुने कर्नल काढावेत. परंतु ज्यावर यंत्र चालू आहे तो काढू नये. डेबियन व उबंटू यांत ‘डीपीकेजी’ या साधनाने अर्धवट राहिलेली जुळणी पूर्ण करून इनिटरॅमएफएस आणि ग्रबची सूची नव्याने तयार करावी.

जुना कर्नलही चालत नसेल, तर पेन-ड्राइव्हवरील लिनक्सने यंत्र सुरू करावे. येथे पाठचिकित्सेची शिस्त उपयोगी पडते. भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी पाठनिर्णय केले, ते मूळ पोथ्यांवर खाडाखोड न करता. त्याच न्यायाने सर्व्हरची डिस्क आधी केवळ वाचनापुरती जोडावी, ध्वनिमुद्रणांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि काही मुद्रणे ऐकून ती प्रत खरी असल्याची खात्री करावी. त्यानंतरच डिस्क लेखनासाठी जोडून ‘सीएचरूट’ या आज्ञेने मूळ प्रणालीत प्रवेश करावा आणि वरील दुरुस्ती करावी. आरंभकच बिघडला असेल, तर ग्रबही येथूनच पुन्हा बसविता येतो.

प्रत्येक पायरी कागदावर टिपून ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकत्र केले, तर कोणत्या बदलाने गुण आला, हे कळत नाही. पुढील उन्नयनापूर्वी बूट विभागातील जागा पाहणे, अखंड विजेची सोय करणे आणि सामग्रीची एक प्रत अन्य इमारतीत असणे, एवढे झाले तर न उठणारा सर्व्हर ही केवळ एका दिवसाची खोळंबा करणारी अडचण ठरेल. एखाद्या बोलीचा अखेरचा आवाज तिच्यापायी हरपणार नाही.